तापलेला चिमटा आणि केसांतील बुडबुडे

पॅरिसमधील मार्सेल ग्रातो या केशप्रसाधकानें १८७० नंतरच्या दशकांत तापलेल्या लोखंडी चिमट्यानें केसांना नागमोडी वळण देण्याची रीत रूढ केली. चिमटा बेताचा तापला आहे कीं नाहीं हें त्या काळीं कागदाच्या कपट्यावर पाहत. कागद करपला तर चिमटा निवूं देत. विजेचा चिमटा हातीं आल्यापासून ही सावधगिरी मागें पडली.

केस केरॅटिन नामक प्रथिनाचा असतो. त्यावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात आणि आंतल्या गाभ्यांत थोडें पाणी नित्य मुरलेलें असतें. ओलसर केसाला १२५ अंश सेल्सिअसचा चिमटा मिनिटभर लावला, तरी तें पाणी आंतल्या आंत उकळतें. वाफेला वाट न मिळाल्यानें गाभ्यांत बुडबुडे धरतात. सूक्ष्मदर्शकाखालीं असा केस स्पंजासारखा दिसतो व तेथेंच मोडतो. न्हाल्यावर लगेच चिमटा फिरवून ‘चर्र’ असा आवाज काढणें म्हणजे केस तळणेंच होय!

त्वचेची जखम भरून येते. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असल्यामुळें सांधला जात नाहीं. तेलानें तो चकाकतो, एवढेंच. केस महिन्याला सुमारें १ सेंटिमीटर वाढतो. त्यामुळें खांद्यापर्यंत नवा केस येण्यास दोन-तीन वर्षें लागतात.