थंडीतला तंबू आणि मामांचं तणस

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसात दोन पार्ट्या पडतात. एक थर्टीफर्स्टला गोव्याला जाणाऱ्यांची आणि दुसरी, ‘ह्यॅ, गोवा काय, कॅम्पिंगला जाऊ या’ म्हणणाऱ्यांची. मी कायम दुसऱ्या पार्टीत. शेकोटी, गिटार, चांदणं, तंबूच्या दारातून दिसणारी धुक्यातली सकाळ... फोटोत हे सगळं सॉल्लिड दिसतं. पण फोटोत तंबू आतून कधीच दाखवत नाहीत. तो पहाटे तीन वाजता आतून कसा असतो, हे मला दोन वर्षांपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात कळलं. तिथून आम्ही तिघंही धड परत आलो, यात आमच्या हुशारीचा वाटा शून्य होता.

झालं असं, की माझ्या टीममधला मित्र मूळचा चंद्रपूरचा. त्याच्या मामांची शेती सिंदेवाहीकडे, जंगलाला लागून. ‘चल, धानाचं चुरणं चालू असेल, खळ्यात तंबू ठोकू,’ म्हणाला. पुणेकर माणसाला चंद्रपूर म्हटलं की मे महिन्यातले ४७ अंश आठवतात. तिथे कसली आलीय थंडी, असं मलाही वाटलं होतं. पण विदर्भातला हिवाळा गंमत करतो. दुपारी टी-शर्टवर फिरा आणि रात्री दात वाजवत बसा! २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आणि ते झालं शहर. धानाच्या बांध्या, मामा तलाव आणि मागे जंगल, अशा उघड्या जागी रात्र आणखी बोचते.

(मामा तलाव म्हणजे मामांचा तलाव नव्हे. माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात गावोगावी आहेत.)

थंडी आहे म्हटल्यावर मी तयारीला लागलो, म्हणजे शॉपिंगला! दुकानात तंबूंवर ‘थ्री सीझन’ आणि ‘फोर सीझन’ अशी लेबलं होती. माझं गणित साधं: तीनपेक्षा चार जास्त, शिवाय चौथा सीझन म्हणजेच हिवाळा. मी फोर सीझन उचलला. जाड, भगव्या रंगाचा, एकाच कापडाचा, गिर्यारोहकांचा तंबू. किंमत इथे लिहीत नाही, कारण हे पान आईसुद्धा वाचते.

आता कळलेली गोष्ट सांगतो. त्या लेबलातला चौथा सीझन म्हणजे बर्फाचा हिवाळा. हिमालयात वादळी वारा अडवायचा, कापडावर साचणाऱ्या बर्फाचं वजन पेलायचं, यासाठी हे तंबू बनवतात. त्यातले एका थराचे तंबू अतिउंचावरच्या कोरड्याठाक हवेसाठी असतात. तिथे आतली वाफ गोठून कापडाला चिकटली तर सकाळी झटकून टाकता येते. सिंदेवाहीच्या खळ्यात बर्फ नसतो. तिथे असतं दव.

आम्ही पोचलो संध्याकाळी. तंबू कुठे लावायचा यावरून पहिलीच चर्चा झाली. मला तलावाची पाळ हवी होती, फोटोसाठी. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, भाच्याला म्हणाले, ‘तळ्यावर? तिथं वाघ येते ना बे पाणी प्याले!’ विषय संपला. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची संख्या दोनशेच्या वर सांगतात, त्यातले बरेच ताडोब्याच्या हद्दीबाहेर शेताजंगलात फिरतात, आणि दर वर्षी माणसं मरतात. वाघाचं सोडा, पाण्याकाठची जागा थंडीतही वाईटच. थंड हवा जड असते, ती रात्री उतरून खोलगट भागात साचते, आणि धुकंही तिथेच आधी धरतं. मामांनी गावाला लागून असलेलं खळं दाखवलं. शेणाने सारवलेलं, सपाट, एका बाजूला धानाचा ढीग, दुसऱ्या बाजूला तणसाचा. कडेला एक मांडव. रानडुकरांपासून धान राखायला मामा त्या मांडवात झोपत.

तंबूच्या पातळ खुंट्या त्या सारवलेल्या जमिनीत शिरेनात. दोन वाकल्या. मामांनी पाच मिनिटांत बांबूच्या खुंट्या तासून दिल्या. तेव्हाच काहीतरी शिकायला हवं होतं.

रात्री दहाला आम्ही तिघं आत शिरलो. मी, मित्र आणि आमच्याच टीममधली एक मैत्रीण. थंडी नको म्हणून दार, खिडकी, वरची झडप, सगळ्या चेन गच्च बंद. तासभर मस्त ऊब होती. मग कपाळावर पहिला थेंब पडला. दोनच्या सुमारास टॉर्च लावला तर आतलं अख्खं छत घामाने डबडबलेलं! झोपेत माणूस श्वासातून आणि त्वचेतून एका रात्रीत साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. तिघांचं धरा पाऊण लिटर. ही वाफ थंड कापडाला लागते, पाणी होते आणि परत तुमच्याच अंगावर येते. स्लीपिंग बॅग ओल्या, मोजे ओले. खालून जमिनीचा गारवा, कारण मी ‘कम्फर्ट’ म्हणून हवेची जाड गादी नेली होती. साध्या गादीतली हवा आतल्या आत फिरत राहते आणि अंगाची ऊब खाली पोचवून येते.

इथवर हे सगळं विनोदी आहे. पुढचं नाही.

कुडकुडत मित्र बाहेर गेला आणि शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून आत घेऊन आला. दार परत बंद. काय सुख वाटलं म्हणून सांगू! अर्ध्या तासात मैत्रीण म्हणाली, डोकं जड झालंय, पण झोप मस्त येतेय. मलाही येत होती. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. मामा ढिगाभोवती चक्कर मारायला उठले होते आणि त्यांना तंबूच्या कापडातून लाल उजेड दिसला.

‘अबे, मरता का बे? घमेलं बाहेर काढा पयले!’

त्यांनी स्वतःच चेन ओढली, घमेलं बाहेर फेकलं आणि आम्हाला एकेकाला दंडाला धरून उघड्यावर बसवलं. मैत्रिणीला उलटी झाली. कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. गुंगीत माणूस दार उघडायला उठत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येतात. आपण त्या चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो.

उरलेली रात्र आम्ही मामांच्या मांडवात काढली. वर गवताचं छप्पर, तीन बाजूंना बांबूचे तट्टे, चौथी बाजू उघडी. खाली वीतभर तणस, त्यावर गोधडी, अंगावर जुनं ब्लँकेट. आणि कोरडं! तणसाच्या काड्या पोकळ, त्यांच्यात हवा अडकून बसते, हलत नाही, म्हणून जमिनीचा गारवा वर येत नाही. उघड्या बाजूने वाफ निघून जाते. वर छप्पर असल्याने दव अंगावर पडत नाही. माझ्या महागड्या तंबूला जे जमलं नव्हतं, ते मामांनी फुकटात केलं होतं. मी ताबडतोब झोपलो.

परत आल्यावर तो भगवा तंबू लेह-लडाखवाल्या एका सहकाऱ्याला विकला (त्याला तो योग्यच आहे) आणि नव्याने शोध घेतला. आता मला विचाराल, तर महाराष्ट्रातल्या हिवाळ्यासाठी थ्री सीझन तंबू घ्या. पण दोन थरांचा. आत श्वास घेणारं पातळ कापड आणि जाळी, बाहेर वॉटरप्रूफ फ्लाय, आणि दोघांमध्ये चार बोटांची मोकळी हवा. वाफ जाळीतून बाहेर पडते, फ्लायला लागून पाणी झाली तरी ते बाहेरच्या बाहेर खाली ओघळतं. जुन्या काळी हिवाळी दौऱ्यावर निघणाऱ्या साहेबांच्या तंबूंनाही दोन कापडं असत, मध्ये हवेला जागा सोडून. मात्र फ्लाय ताणून बांधायला हवा. सैल राहिला की आतल्या कापडाला टेकतो आणि सगळं मुसळ केरात.

जाळी किती असावी? पूर्ण जाळीचा तंबू उन्हाळ्याचा. थंडीत कमरेपर्यंत कापड आणि वर जाळी असा बघा, म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावरून वारा जात नाही. झडपा दोन हव्यात, एक वर आणि एक शक्यतो खाली, समोरासमोर. आणि त्या रात्री उघड्या ठेवायच्या! हे पटायला सगळ्यात जड जातं. ऊब तंबूने द्यायचीच नसते. ती स्लीपिंग बॅग आणि अंथरूण देतं, तंबू फक्त वारा, दव आणि किडामुंगी अडवतो. म्हणून बजेटमधले पैसे तंबूवरून काढून खाली टाका: बंद पेशींची फोमची चटई, जमलं तर दोन. मुक्काम शेतावर असेल तर विचारून तणस मागा. बॅग घेताना लेबलावर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ बघा. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे त्या थंडीत तुम्ही जेमतेम जिवंत राहाल, झोपाल असं नव्हे.

पाऊस हिवाळ्यात कशाला पडतोय, म्हणून फ्लाय हलका घेऊ नका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्याला गारपिटीने झोडपलं होतं. फ्लायवर १,५०० ते २,००० मिलिमीटर असा आकडा असला की पुरे. म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापड पेलतं. तळाचं कापड याहून दणकट हवं. ‘टू पर्सन’ म्हणजे दोन माणसं, त्यांच्या सॅक नव्हेत, तेव्हा एक आकडा वरचा घ्या. पोल अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर उत्तम, फायबरचे असतील तरी इथे चालतात. रंग तुमचा तुम्ही ठरवा. आणि नवा तंबू एकदा सोसायटीच्या गच्चीवर लावून बघा. अंधारात मॅन्युअल वाचण्यासारखं दुसरं पाप नाही.

जागेचं मात्र मनावर घ्या. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे हवा तिथे तंबू ठोकण्याचा प्रश्नच येत नाही. बाहेरच्या राखीव जंगलातही परवानगीशिवाय शिरणं आणि आग पेटवणं हा १९२७ च्या वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. गावाला लागून, ओळखीच्या माणसाच्या जागेत किंवा परवानगी असलेल्या कॅम्पसाइटवरच राहा. झाडाखाली दव कमी पडतं, पण वर वाळकी फांदी नाही ना ते बघा. खाण्याचं सामान तंबूत ठेवू नका. डुक्कर, अस्वल, वानर, कुणालाही बिस्किटं आवडतात.

गेल्या जानेवारीत आम्ही तिघं परत गेलो. नवा तंबू, हिरवा, दोन थरांचा, आधीच्याच्या निम्म्याहून कमी किमतीचा. बांबूच्या खुंट्या मामांनी जपून ठेवल्या होत्या. पहिली रात्र झक्कास गेली. सकाळी छताला हात लावला, कोरडं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून ढग भरून आले. मामा तंबूभोवती एक चक्कर मारून आले, वाकून आत डोकावले, फ्लाय बोटांनी चाचपून पाहिला.

‘पाणी नाई येत ना आतमंदी?’

नाही येत, मी म्हटलं.

‘मंग माहे पोते मावतीन का याच्यात?’

धानाची तीन मावली. आम्ही मांडवात झोपलो, तणसावर.