कधीच न जिंकलेल्यांची फायनल

आपल्याकडे कबड्डी-खोखोच जास्त, पण फुटबॉलची ही गंमत ऐकाच. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात मडगावला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. केरळ विरुद्ध हैदराबाद. चषक दोघांनीही कधी जिंकलेला नव्हता. केरळ दोनदा फायनल हरलेलं. हैदराबाद तर पहिल्याच वर्षी तळाला!

८८ व्या मिनिटाला बरोबरी झाली, १-१. जादा अर्धा तासही तसाच गेला. मग टायब्रेकर, म्हणजे ११ मीटरवरून प्रत्येकी पाच फटके, अडवायला एकटा गोलरक्षक. दोन खांबांत जागा सात मीटरहून जास्त! चेंडू बघत बसलं तर उशीर होतो, म्हणून तो बहुधा अंदाजानेच झेप घेतो. हैदराबादच्या लक्ष्मीकांत कट्टीमनीने (हा गोव्याचाच!) तीन फटके अडवले. हैदराबाद ३-१ ने जिंकलं.