विश्लेषण : ‘छावा’ पाहताना डोळे भरतात, ते नेमकं कशामुळे?

चित्रपट संपल्यावर अंधारात घुमणारी शिवगर्जना, खुर्चीतच रडत बसलेली मुलं आणि त्यांचे मोबाइलवर फिरणारे व्हिडीओ. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘छावा’ने देशात ५०० कोटींहून अधिक कमाई केली, पण चर्चा जास्त झाली ती या हुंदक्यांची. मग हा भव्य युद्धपट प्रेक्षकांच्या मनाला भिडला, असं म्हणून विषय संपवायचा का? पेण आणि रोह्यातल्या प्रेक्षकांनी तरी एवढ्यावर थांबू नये. कारण या कथेतला एक कळीचा प्रसंग त्यांच्या शेजारच्या तालुक्यात घडला आहे.

भव्यतेचा फायदा आणि तोटा

लक्ष्मण उतेकर यांच्या या चित्रपटाचा पूर्वार्ध म्हणजे लढायांची मालिका आहे. बुऱ्हाणपूरची लूट, सिंहाशी झुंज, पाण्यातून आणि मातीतून अचानक उठणारे मावळे. मोठ्या पडद्यावर हे सगळं जबरदस्त दिसतं. पण इथे एक तांत्रिक गंमत आहे. पडद्यावर सेकंदाला साधारण २४ चित्रं सरकतात. चित्रीकरणाच्या वेळी त्याहून कितीतरी जास्त चित्रं टिपून ती याच वेगाने दाखवली की हालचाल संथ होते, म्हणजेच स्लो मोशन. तलवारीचा प्रत्येक वार नीट दिसतो, पण धोका पातळ होतो. वार बसणारच हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. काळजी वाटायला जी अनिश्चितता लागते, ती संथ गतीत विरघळून जाते.

पेणच्या मूर्तिशाळांमध्ये हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मूर्ती कितीही उंच असो, रंगकाम कितीही झकास असो, डोळ्यांची आखणी जमली नाही तर गणपती आपल्याकडे पाहतोय असं वाटत नाही.

पाली परिसरात काय घडलं होतं?

औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. त्याचा मुक्काम सुधागडच्या परिसरात होता. पेणहून नागोठण्याला यायचं आणि पालीकडे वळायचं, की हा भाग लागतो. रोहेकरांनाही तो लांब नाही. महाराज आणि अकबर यांची भेट झाली ती इथल्याच पाच्छापूरला. महाराजांविरुद्धचा कट उघडकीस आल्यावर अण्णाजी दत्तो आणि इतरांना मृत्युदंड झाला, तोही याच मुलखात.

चित्रपटात हा कट आहे, शिक्षाही आहे. पण वडिलांच्या विश्वासातल्या माणसांना शिक्षा देणाऱ्या पंचविशीच्या आसपासच्या राजाच्या मनात काय चाललं असेल, तिथे कॅमेरा फारसा रेंगाळत नाही. याच प्रकरणात बाळाजी आवजी चिटणीसांचाही अंत झाला आणि त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे आयुष्यभर स्वराज्याशी एकनिष्ठ राहिला. कुठल्याही लढाईइतकं नाट्य या एका घरात आहे. ते दाखवायला व्हीएफएक्सचा खर्चही आला नसता!

मग रडू का येतं?

चित्रपट खरा पकड घेतो तो शेवटच्या भागात, म्हणजे युद्ध थांबल्यावर. साखळदंडांत जखडलेले महाराज आणि कवी कलश एकमेकांशी कवितेतून बोलतात, तेव्हा पडद्यावर दोन माणसं आणि त्यांचे चेहरे एवढंच असतं. विकी कौशल आणि विनीत कुमार सिंह यांनी ते तोलून धरलं आहे. त्यापुढचे हालांचे प्रसंग मात्र इतके लांबतात की दुःखाची जागा संताप घेऊ लागतो.

शिवाय मराठी प्रेक्षक कोऱ्या मनाने आत जात नाही. व्याख्यानं, पोवाडे, घरातल्या गोष्टी, शिवाजी सावंत यांची १९७९ ची ‘छावा’ कादंबरी असं बरंच काही तो सोबत नेतो. निम्मं काम तिथेच झालेलं असतं. २०२२ च्या ‘पावनखिंड’ने हे भांडवल वेगळ्या प्रकारे वापरलं होतं. बाजीप्रभू विशाळगडावरच्या तोफांचा आवाज कधी येतो याची वाट पाहतात आणि शेवट माहीत असूनही प्रेक्षक कान लावून बसतो. खर्च कमी, पण ताण जास्त.

‘छावा’चा परिणाम चित्रपटगृहाबाहेरही दिसला. त्यानंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड भागात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन मुघलांचं सोनं शोधायला शेतं खणू लागले, हा त्यातला विनोदी भाग. मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली, तेव्हा या चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धच्या भावना पुन्हा जाग्या झाल्याचं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत म्हणाले. भावना जागी होते हे खरं, पण ती कोणती आणि कशाच्या आधाराने, हेही तपासायला हवं.

जे पडद्यावर आलं नाही

चित्रपट ११ मार्च १६८९ च्या हत्येपाशी संपतो. रायगडावरची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. येसूबाईंनी स्वतःच्या मुलाऐवजी दीर राजाराम यांना गादीसाठी पुढे केलं, त्यांना वेढ्यातून बाहेर काढलं आणि स्वतः गडावर थांबल्या. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला. सात वर्षांच्या शाहूसह त्या मुघलांच्या कैदेत गेल्या. रश्मिका मंदानाच्या वाट्याला येसूबाईंच्या कैदेचा हा भाग आलाच नाही.

पुढे अठरा वर्षांनी, १७०७ मध्ये, शाहू सुटले. येसूबाई परतल्या १७१९ मध्ये.