तुटक रेषा काय सांगते?

दोन वर्षांपूर्वी नववीच्या सहामाही परीक्षेसाठी आम्ही संगणकावर एक आलेख तयार केला. भारतातील पुरुषांची व स्त्रियांची साक्षरता १९५१ पासून २०११ पर्यंत कशी वाढत गेली, हे दाखवणाऱ्या त्यात दोन रेषा होत्या. पुरुषांची हिरवी, स्त्रियांची लाल. पडद्यावर आलेख फार सुरेख दिसत होता. प्रश्नही सोपा होता : १९८१ साली स्त्रियांची साक्षरता सुमारे किती टक्के होती, ते आलेखावरून वाचा.

प्रश्नपत्रिका झेरॉक्सच्या दुकानातून आल्या त्या अर्थातच काळ्या-पांढऱ्या. दोन्ही रेषा सारख्याच करड्या. बाजूच्या खूणसूचीत 'पुरुष' व 'स्त्रिया' या शब्दांपुढे दोन सारखेच करडे तुकडे. गठ्ठे बांधताना, वाटताना कोणाच्याच हे ध्यानात आले नाही. उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या तेव्हा बऱ्याच जणांनी ३० च्या आसपास लिहिण्याऐवजी ५६ लिहिलेले आढळले, आणि आम्ही खुशाल फुल्या मारत सुटलो. एका मुलीने मात्र उत्तराखाली कारण दिले होते. आमच्या वर्गात पहिल्या पाचांत चार मुली आहेत, तेव्हा वरची रेषा स्त्रियांची असावी, असे तिने लिहिले होते. तेथे आमचे लाल पेन थांबले.

तिचा तर्क चुकीचा होता, पण तर्क करण्याची वेळ तिच्यावर आम्ही आणली होती. त्या प्रश्नाचे गुण सर्वांना दिले आणि मग आम्ही तो आलेख पुन्हा काढायला बसलो. त्या खटाटोपात आलेखातील रेषेविषयी जे शिकायला मिळाले ते येथे मांडत आहोत.

लाल आणि हिरवा एक कसे झाले?

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक रंग लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने बनतो. प्रत्येकाचे प्रमाण ० ते २५५ या अंकांत सांगतात. रंगीत चित्राचे करडे चित्र करताना या तीन अंकांची नुसती सरासरी घेत नाहीत. आपल्या डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ भासतो व निळा सर्वांत मंद, म्हणून लाल अंकाला ०.२९९ ने, हिरव्याला ०.५८७ ने व निळ्याला ०.११४ ने गुणून बेरीज करण्याची रीत आहे.

आम्ही 'रेड' व 'ग्रीन' हे रंग नाव सांगून निवडले होते. आमच्या संगणक-साधनात 'रेड' म्हणजे लाल २५५, बाकी दोन्ही शून्य. 'ग्रीन' म्हणजे हिरवा १२८, बाकी दोन्ही शून्य. आता गुणाकार करू या. २५५ × ०.२९९ = ७६ आणि १२८ × ०.५८७ = ७५. पडद्यावर एकमेकांविरुद्ध भासणारे हे दोन रंग करड्यात उतरले की त्यांत केवळ एका अंकाचा फरक उरतो! यंत्रागणिक थोडे इकडेतिकडे होईल, पण डोळ्यांना हे दोन करडे वेगळे ओळखू येणे कठीण.

कागद रंगीत असता तरी अडचण पूर्ण सुटली नसती. लाल-हिरवा भेद नीट न कळणे हा दोष बहुतेक वेळा आनुवंशिक असतो. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो मुलींपेक्षा मुलांत बराच अधिक आढळतो. अशा मुलाला आपल्याला वेगळे दिसते आहे हे पुष्कळदा स्वतःलाही ठाऊक नसते. म्हणजे दोन रेषांमधील भेद केवळ रंगावर सोपवणे केव्हाही धोक्याचेच.

रेषा घडवण्याचे साधन

आम्ही वापरतो ते साधन म्हणजे 'मॅटप्लॉटलिब'. पायथन या संगणकभाषेत आलेख काढण्यासाठी लागणाऱ्या तयार आज्ञांचा हा संग्रह, म्हणजेच लायब्ररी, आहे. तो विनामूल्य मिळतो. जॉन हंटर हे अमेरिकन मज्जाजीवशास्त्रज्ञ अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्संदेशांचा अभ्यास करत होते. ते संदेश आलेखरूपात पाहता यावेत म्हणून त्यांनी हे काम हाती घेतले आणि २००३ साली संग्रहाची पहिली आवृत्ती आली. हंटर २०१२ साली निधन पावले. पुढे स्वयंसेवकांनी ते काम चालू ठेवले.

यातील 'प्लॉट' या आज्ञेला वर्षांची यादी व टक्क्यांची यादी दिली की रेषा उमटते. रेषेचे रूप ठरवण्यासाठी त्याच आज्ञेत 'लाइनस्टाइल' हा शब्द घालायचा व त्यापुढे अवतरणचिन्हांत खूण द्यायची. (आज्ञेतील शब्द व अंक रोमन लिपीत टंकायचे असतात. येथे आम्ही त्यांचे उच्चार देत आहोत.) तयार खुणा चार आहेत :

'-' सलग रेषा
'--' तुटक रेषा
'-.' एक डॅश, एक ठिपका अशी साखळी रेषा
':' ठिपक्यांची रेषा

रेषेची जाडी 'लाइनविड्थ' या शब्दाने सांगतात. ती पॉइंट या मुद्रकांच्या मापात असते. एका इंचात ७२ पॉइंट. काहीच सांगितले नाही तर जाडी दीड पॉइंट, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर धरली जाते.

तयार तुटक रेषेत डॅशची लांबी जाडीच्या ३.७ पट व मोकळी जागा १.६ पट असते. दीड पॉइंट जाडीला हे सुमारे २ मिलिमीटर व ०.८५ मिलिमीटर इतके होते. पडद्यावर एवढे पुरते. पण कागद वाचवण्यासाठी दोन पाने एका पानावर आणली आणि त्या प्रतीची पुन्हा प्रत काढली, की लहान झालेली ही फट शाईने भरून जाते व तुटक रेषा सलग दिसू लागते. म्हणजे पुन्हा पहिलेच दुखणे!

यावर उपाय म्हणजे आपले माप आपणच सांगणे. 'लाइनस्टाइल' पुढे खुणेऐवजी (०, (६, ३)) असे लिहिता येते. आतील कंसाचा अर्थ, जाडीच्या ६ पट रेघ व ३ पट मोकळी जागा. दीड पॉइंट जाडीला ही रेघ ३.२ मिलिमीटर व फट १.६ मिलिमीटर होते. ती झेरॉक्सला पुरून उरते. आतील कंसात चार अंक दिले, उदाहरणार्थ (८, २, २, २), तर लांब रेघ, फट, आखूड रेघ, फट असा क्रम मिळतो. बाहेरचा पहिला अंक म्हणजे नक्षी कोठून सुरू करायची ते. तो बहुधा शून्यच ठेवावा.

येथे एक अडचण येते. खूणसूचीतील नमुन्याचा तुकडा, काहीच सांगितले नाही तर, जेमतेम २० पॉइंट लांब असतो. आपली नक्षी १३.५ पॉइंटांनी पुन्हा सुरू होते. तेवढ्या तुकड्यात ती दीडदाच मावते व ओळखू येत नाही. म्हणून खूणसूचीच्या 'लेजेंड' या आज्ञेत 'हँडललेंग्थ' २ ऐवजी ४ करावी. त्याहून चांगले म्हणजे रेषेच्या टोकाशीच 'पुरुष' व 'स्त्रिया' असे लिहून टाकावे, खूणसूचीकडे नजर न्यायलाच नको. संग्रहाच्या मूळ टंकात देवनागरी अक्षरे नाहीत, त्यामुळे टंक न बदलल्यास अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात. टंक बदलल्यावरही वेलांट्या व जोडाक्षरे जागेवर आहेत ना, ते पाहून घ्यावे. आम्ही शेवटी ती दोन नावे हाताने लिहिली आणि मग प्रती काढल्या.

मग कोणती रेषा तुटक काढायची?

इथपर्यंतचा प्रश्न केवळ ओळखू येण्याचा होता. पुरुषांची रेषा तुटक काढली काय किंवा स्त्रियांची, काय फरक पडतो, असे आम्हालाही वाटत होते. पण प्रकाशाच्या धड्यात आपण काय करतो ते आठवा. सपाट आरशापुढील किरण सलग रेषेने दाखवतो आणि आरशामागे त्यांचे वाढवलेले भाग तुटक रेषेने. आरशामागे प्रकाश प्रत्यक्षात जातच नाही, हे ती तुटक रेषा सांगते. यंत्रचित्रात वस्तूच्या आड लपलेली कड तुटक काढतात, ती पुढून दिसत नाही म्हणून. तुटक रेषा पाहिली की हे प्रत्यक्ष दिसलेले नाही, असा अर्थ आपली मुले सहावी-सातवीपासून लावायला शिकलेली असतात. आलेखातही ती तोच अर्थ लावणार.

आता आमच्या आलेखाचे आकडे पाहा. ते जनगणनेतील साक्षरतेचे टक्के आहेत.

वर्ष : पुरुष : स्त्रिया
१९५१ : २७.१६ : ८.८६
१९६१ : ४०.४० : १५.३५
१९७१ : ४५.९६ : २१.९७
१९८१ : ५६.३८ : २९.७६
१९९१ : ६४.१३ : ३९.२९
२००१ : ७५.२६ : ५३.६७
२०११ : ८०.८९ : ६४.६४
(१९८१ चे आकडे आसाम वगळून, १९९१ चे जम्मू-काश्मीर वगळून.)

पहिली गोष्ट, साठ वर्षांत प्रत्यक्ष मोजणी सातदाच झाली. त्या सात जागी ठळक खूण हवी. 'मार्कर' हा शब्द घालून पुरुषांसाठी चौकोन व स्त्रियांसाठी वर्तुळ निवडता येते. एक खूण भरीव व दुसरी पोकळ ठेवावी. त्यासाठी 'मार्करफेसकलर' पांढरा करायचा. अशा खुणांमुळे रेषा वेगळ्या ओळखू येण्याचे कामही झाले आणि मोजले कोठे तेही दिसले. दोन खुणांमधील रेघ ही आपण जोडलेली आहे. १९६६ साली किती टक्के, याचे उत्तर त्या रेघेवरून काढले तर तो अंदाज, मोजमाप नव्हे.

दुसरी गोष्ट आम्हाला पहिल्या वेळी ठाऊकच नव्हती. १९५१, १९६१ व १९७१ चे टक्के पाच वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे आहेत, तर १९८१ पासूनचे सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे. पाच-सहा वर्षांची मुले बहुधा अजून वाचायला शिकलेली नसतात. त्यांना हिशेबातून वगळले की टक्केवारी आपोआप थोडी वर जाते. १९७१ ते १९८१ या दशकात पुरुषांचा आकडा १०.४२ ने व स्त्रियांचा ७.७९ ने वाढलेला दिसतो, पण त्यातील काही वाढ मापाची पट्टी बदलल्यामुळे आहे. स्त्री-पुरुषांतील अंतर २३.९९ वरून २६.६२ झालेले दिसते, त्याचाही निकाल लावण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायला हवे. आम्ही मात्र त्या दशकातून सरळ सलग रेघ ओढली होती. दोन्ही टोके एकाच पट्टीने मोजलेली आहेत, असे ती रेघ सांगत होती, आणि ते खरे नव्हते.

दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक रेषेचे दोन तुकडे करायचे, १९५१ ते १९७१ व १९८१ ते २०११. दोन्ही सलग. मधला दुवा ठिपक्यांचा, अगदी बारीक, किंवा चक्क मोकळी जागा. नाव, म्हणजे 'लेबल', एकाच तुकड्याला द्यायचे, नाहीतर खूणसूचीत तेच नाव दोनदा येते.

तिसरी गोष्ट, २०११ नंतर काय? २०२१ ची जनगणना कोविडच्या साथीमुळे लांबली. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जून २०२५ मध्ये जाहीर झाला. २००१ ते २०११ या दशकात स्त्रियांची साक्षरता १०.९७ ने वाढली. तीच गती पुढे चालू राहिली असे मानून रेषा वाढवली तर २०२१ ला ७५.६ येते. हा किरण आरशामागचा आहे! काढायचाच असेल तर तुटक काढावा, त्याला खूण देऊ नये आणि शेजारी 'अंदाज' हा शब्द लिहावा.

म्हणून आम्ही ठरवले की तुटक रेषा व ठिपके यांचा उपयोग पुरुष आणि स्त्रिया वेगळे दाखवण्यासाठी करायचा नाही. दोघांचेही मोजमाप सारखेच खरे आहे. दोन्ही रेषा काळ्या व सलग, एकीवर भरीव चौकोन, दुसरीवर पोकळ वर्तुळे. तुटकपणा राखून ठेवायचा तो जेथे आपली खात्री तुटते त्या जागेसाठी. ज्या आलेखात असा प्रश्न नसेल आणि चार-पाच रेषा एकमेकींना छेदत असतील, तेथे निरनिराळ्या शैली वापरायला काहीच हरकत नाही.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक हवाच असे नाही. वरील आकडे फळ्यावर लिहा व मुलांना आलेख-कागदावर केवळ सात-सात खुणा करू द्या. मग प्रत्येक दोन खुणांमधील रेघ ओढण्यापूर्वी विचारा की ही सलग काढावी की तुटक, आणि का? १९७१ ते १९८१ च्या जागी मुले वाद घालतील. घालू द्या. संगणक असेल तर तोच आलेख नंतर त्यावर काढून घ्या. शेवटी कोणताही आलेख प्रश्नपत्रिकेत घालण्यापूर्वी त्याची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा आणि ती हाताच्या अंतरावर धरून तुम्ही स्वतः तो प्रश्न सोडवा.

आमचा सुधारलेला आलेख आता वर्गाच्या भिंतीवर आहे. कारण लिहिणाऱ्या त्या मुलीने तो पाहिला, आणि दोन रेषांमधील अंतर २०११ सालीही १६ टक्क्यांहून अधिक का आहे, असे तिने आम्हाला विचारले. पहिल्या आलेखावरून तिला हा प्रश्न विचारताच आला नसता.