नातवंडांबरोबर सिंगापूर : आजी-आजोबांच्या चालीने

सुट्टीत सिंगापूरला जाण्याचा बेत घरात ठरू लागला, की ‘आई-बाबा, तुम्हीही चला’ असा आग्रह होतो. या आग्रहात प्रेम असते, तशीच चार वर्षांच्या मुलाला सांभाळायला आणखी दोन हात मिळतील ही आशाही असते. त्यात गैर काही नाही. मात्र आपण तेथे फिरायला जात आहोत की नातवंडे राखायला, आणि दोन्ही असेल तर कोणत्या वेळी काय, हे तिकिटे काढण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. हॉटेलच्या खोलीत झोपलेल्या बाळाजवळ बसून काढलेल्या चार संध्याकाळींची सल पुढे वर्षभर पुरते.

सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिका बहुधा तिशीतल्या धडधाकट माणसाचा विचार करून आखलेल्या असतात. सकाळी एक स्थळ, दुपारी दुसरे, रात्री तिसरे. साठी ओलांडलेली व्यक्ती आणि चार वर्षांचे मूल यांच्या गरजा मात्र आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या आहेत. दोघांनाही वेळेवर खाणे लागते, दुपारी आडवे व्हावे लागते आणि स्वच्छतागृह जवळ असावे लागते. म्हणून दिवसाला एकच मोठे स्थळ, दुपारी एक ते चार विश्रांती आणि संध्याकाळी थोडा फेरफटका, एवढेच ठरवावे. मधल्या पिढीला हे संथ वाटेल. त्यांनी एक दिवस स्वतंत्रपणे थीम पार्कला जाऊन यावे.

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. तेथे आपल्यासारखा हिवाळा नाही. बारा महिने दुपारचे तापमान ३१-३२ अंशांच्या आसपास असते आणि हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर निवत नाही. याउलट मॉल व मेट्रोमध्ये वातानुकूलन इतके गार, की शाल जवळ हवीच. उन्हातून गारव्यात आणि गारव्यातून उन्हात अशी ये-जा दिवसभर चालते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना अशा हवेत एकाएकी उठल्यावर भोवळ येऊ शकते. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारावे.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्यातील अनेकजणी बाहेर पडायचे म्हटले की पाणी पिणेच बंद करतात. ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ हा त्यामागचा विचार. गुडघा दुखला तरी सांगायचे नाही, छातीत जड वाटले तरी ‘जरा दमले’ म्हणून वेळ मारून न्यायची, हेही त्याच विचारातून. परदेशात हा संकोच महागात पडतो. पाणी कमी पडल्याने चक्कर, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असे काहीही उद्भवू शकते. सिंगापुरात मेट्रो स्थानके, मॉल, बागा अशा ठिकाणी स्वच्छतागृहे सहज सापडतात, तेव्हा दर अर्ध्या तासाने दोन घोट प्यावे. सोबतच्या तरुणांनीही ‘पाणी हवे का?’ असे विचारत बसू नये, बाटली हातात द्यावी. विचारले की उत्तर ‘नको’ असेच येते.

आता खाणे. सिंगापूरची खरी चव तेथील ‘हॉकर सेंटर’मध्ये आहे. एका छपराखाली ओळीने मांडलेली छोटी दुकाने आणि मधोमध सामाईक टेबले. या खाद्यसंस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. एखाद्या रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट दिसले तर ते विसरलेले नसते, जागा अडवलेली असते. जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून ठेवणे तेथे सक्तीचे आहे, आणि हे काम नातवंडे फार उत्साहाने करतात.

मांसाहार करणाऱ्यांना चिकन राइस हा सौम्य पदार्थ सोसतो, मुलांनाही आवडतो. ‘पॉरिज’ म्हणजे तर थेट आपली पेजच, पोट बिघडलेल्या दिवशी आधार. शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावे. पेजेत बहुधा मांसाचा अर्क असतो, भाजीत सुक्या कोळंबीचा वाटलेला मसाला असतो आणि लाक्सा नावाच्या नारळाच्या रश्शाचा पायाच कोळंबीचा असतो. केवळ ‘नो मीट’ म्हणून भागत नाही, मासळी आणि कोळंबीही नको असे वेगळे सांगावे लागते. याहून सोपा उपाय म्हणजे लिटल इंडिया. तेथील सेरंगून रोडवर १९४७ पासून चालू असलेले ‘कोमला विलास’ आहे. इडली, डोसा, दहीभात यांनी दिवसातले एक जेवण तरी ओळखीचे होते. नूडल्सच्या सूपमध्ये मीठ भरपूर असते, रक्तदाब असणाऱ्यांनी नूडल्स खाऊन रस्सा वाडग्यातच ठेवावा. साते या भाजलेल्या मांसाच्या काड्यांबरोबर शेंगदाण्याची चटणी येते, ज्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याला ती देऊ नये. रामबुतान आणि लाँगन ही फळे लिचीसारखी गोड, पण त्यांची गुळगुळीत बी व गर लहानग्याच्या घशात अडकू शकतो. बी काढून, बारीक तुकडे करूनच द्यावे.

मधुमेहींसाठी चार शब्द पाठ करण्याजोगे आहेत. तेथे नुसते ‘कोपी’ म्हटले की घट्ट गोड दुधाची कॉफी येते. ‘कोपी-ओ कोसोंग’ म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची. ‘तेह-सी कोसोंग’ म्हणजे बिनसाखरेचा, गोडी न घातलेल्या आटीव दुधाचा चहा. आपल्या घरच्या चहाच्या सर्वात जवळचा हाच.

स्थळांपैकी माझा कौल बोटॅनिक गार्डनला. १८५९ साली स्थापन झालेले हे उद्यान २०१५ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरले. ऑर्किडच्या विभागाखेरीज प्रवेश विनामूल्य आहे. आतील जेकब बॅलस बालोद्यानात मूल सोबत असेल तरच मोठ्यांना प्रवेश मिळतो. आजी-आजोबांना नातवंडांच्या वशिल्याने आत शिरायला मिळावे, याहून गंमत ती कोणती! प्राणिसंग्रहालयात फिरण्यासाठी ट्राम आहे, चाकाची खुर्ची आणि मुलांच्या गाड्याही भाड्याने मिळतात. चाकाची खुर्ची घेण्यात कमीपणा मानू नये. दमलेले मूल कडेवर घेण्याचा मोह मात्र टाळावा. हाडे ठिसूळ झालेल्या वयात पंधरा किलोंचे ओझे पाठीला झेपत नाही.

सामान भरताना औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. गोळ्या मूळ वेष्टनात असाव्यात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. झोपेच्या काही गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची व वेदनाशामक औषधे यांना सिंगापुरात आधी परवानगी लागू शकते, तेव्हा तेथील हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीच्या संकेतस्थळावर दोन-तीन आठवडे आधी पडताळून घ्यावे. तंबाखू, गुटखा, मशेरी नेऊ नये. खसखशीवरही कडक निर्बंध आहेत, म्हणून अनारसे घरीच राहू द्यावेत. प्रवास विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही लपवू नये. ऐन वेळी दावा नाकारला जाण्याचे ते एक मोठे कारण असते. डेंग्यू तेथेही आहे, ताप आल्यास आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन घेत असाल तर डॉक्टरांना ते प्रथम सांगावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९५ आहे. तो, हॉटेलचा पत्ता आणि आपल्या औषधांची यादी असा एक कागद प्रत्येकाच्या खिशात असावा, मुलाच्याही.

सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. पहाटे पाचला जाग येणाऱ्यांना तेथे साडेसातला जाग येते, न्याहारी घाईची होते. इन्सुलिनची वेळ कशी सरकवावी हे डॉक्टरांकडून लिहून आणावे. या फरकाचा एक फायदाही आहे. गार्डन्स बाय द बे येथील उंच ‘सुपरट्री’ झाडांवरचा दिव्यांचा खेळ पावणेआठला सुरू होतो, तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबाने सव्वापाचच वाजलेले असतात. दुपारी विश्रांती झाली असेल तर कोणीच पेंगत नाही. अर्धा तास आधी जाऊन बसायची जागा धरावी. खेळाला पैसे पडत नाहीत. परतताना टॅक्सी करावी. ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीत १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासाठी वेगळे आसन सक्तीचे असते. टॅक्सीला त्यातून सवलत आहे, तरी मुलाला मांडीवर न घेता मागच्या आसनावर पट्टा लावून बसवावे.