घोरणं थांबलं, म्हणजे झालं का?

होस्टेलमध्ये घोरणारा रूममेट म्हणजे हमखास चेष्टेचा विषय. प्रत्येक घोरणारा काही आजारी नसतो. पण झोपेत घसा मिटून श्वास निदान १० सेकंद अडकत असेल आणि असं तासाला ५ पेक्षा जास्त वेळा होत असेल, तर तो स्लीप ॲप्निया. १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी ७.५ टक्के जणांना दिवसा पेंग आणणारा हा आजार आढळला होता.

आमचे शिरूरचे मामा टेम्पो चालवतात. रांजणगाव एमआयडीसीत माल भरायचा आणि न्हावरा-चौफुलामार्गे दौंडजवळच्या कुरकुंभला पोचवायचा. रात्री सात तास झोपूनही पाटसच्या आसपास त्यांचा डोळा लागायचा. स्टिअरिंगवर! टेस्टमध्ये मध्यम ॲप्निया निघाला. मुख्य उपाय सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. पण मामांना मास्क सहन होईना, शिवाय लाईट गेली की मशीन बंद. मग दातांच्या डॉक्टरांनी माप घेऊन तोंडात बसवायचं उपकरण बनवलं. मामी त्याला सरळ ‘कवळी’च म्हणते.

यामागचं मेकॅनिक्स सोपं आहे. वरच्या आणि खालच्या दातांवर एकेक साचा बसतो आणि खालचा जबडा थोडा पुढे धरला जातो. जीभ या जबड्याला जोडलेली असल्यामुळे तीही पुढे येते व घशातली वाट मोकळी राहते. स्क्रू मात्र एकदम पिळायचा नाही. डॉक्टर सांगतील तसा, काही दिवसांच्या अंतराने, मिलिमीटरच्या अंशाने सरकवायचा.

पहिले दोन-तीन आठवडे कटकटीचेच. लाळ गळते नाहीतर तोंड कोरडं पडतं, कानापुढचा सांधा दुखतो, सकाळी दाढा एकमेकींवर नीट बसत नाहीत. दाढा बहुधा तासाभरात जागेवर येतात, त्यासाठी डॉक्टर जबड्याचा व्यायाम देतात. दुखणं वाढलं तर स्क्रू मागे घ्यायचा असतो, पण तोही विचारून. बरेच जण इथेच कंटाळून उपकरण डबीत ठेवून देतात. मिश्री-तंबाखूने हिरड्या खराब झाल्या असतील, दात हलत असतील, तर मुळात हे बसवताच येत नाही.

खरी मेख पुढे आहे. मामांचं घोरणं थांबलं आणि घरात सगळे खूश झाले. पण आवाज बंद झाला तरी श्वास अडकणं चालू असू शकतं! म्हणून उपकरण घालूनच झोपेची टेस्ट पुन्हा करावी लागते. आपल्या भाषेत हा फीडबॅक. मामांच्या टेस्टमध्ये आकडा कमी झाला होता, पण पुरेसा नाही. जबडा आणखी थोडा पुढे घेतला, मग तिसऱ्या टेस्टला तो ५ च्या खाली आला. तोवर रात्रीची फेरी दुसरा ड्रायव्हर करत होता.

आता दातांच्या जागा हळूहळू बदलत नाहीत ना, हे बघायला त्यांना अधूनमधून डॉक्टरांकडे जावं लागतं. आणि कवळी गार पाण्यानेच धुवायची. उकळत्या पाण्यात तिचा आकार बिघडतो, हे मामीला दोनदा सांगावं लागलं.