बीपीची सूत्रं मेंदूच्या हातात

बीपी म्हटलं की आपण हृदय आणि मिठावर बोलतो. मेंदूचं नाव कुणी काढत नाही. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे संवेदक असतात. ते दर ठोक्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलाला खबर देतात आणि रक्तवाहिन्या किती आवळायच्या, याचा हुकूम तिथून सुटतो. उच्च रक्तदाबात अनेकदा हे केंद्रच तापट होतं.

क्योटोमध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ साली जन्मजात बीपीवाल्या उंदरांची जात जगापुढे आणली. बिचाऱ्यांना पुढे अनेक प्रयोगशाळांनी आठवडेच्या आठवडे ट्रेडमिलवर पळवलं. तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातला दाह आणि रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिनचा जोर ओसरला, संवेदकांची खबरही नीट ऐकली जाऊ लागली. माणसाच्या मेंदूत इतकं खोल डोकावणं कठीण. पण पायाच्या मज्जातंतूत बारीक सुई घालून मोजलं, तेव्हा नियमित व्यायामानंतर रक्तवाहिन्या आवळणारे सिंपथेटिक संदेश कमी झालेले दिसले.

अशा व्यायामाने बीपीच्या रुग्णांत वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरतो. हे थोडं नाही!

तेव्हा आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चाला. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.